शाळेत चित्रकला क्लब सुरू करायचा आणि तो तिसऱ्या आठवड्यानंतरही चालवायचा

मी पाहिलेले शाळेतले क्लब पहिल्या दिवशी कधीच बंद पडले नाहीत. ते तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद पडले. पहिल्या बैठकीला बसायला जागा पुरत नाही, उत्साहाच्या भरात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव निवडून होतात. दुसऱ्या बैठकीत क्लबच्या नावावरून वाद. तिसऱ्या वेळी सहा जण, त्यातले दोघे मित्राची वाट बघत थांबलेले. आमच्या पहिल्या क्लबने तर चार बैठका बोधचिन्ह ठरवण्यात घालवल्या. बोधचिन्ह फार सुरेख झालं. ते लावायला क्लब मात्र उरला नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात केली तेव्हा एकच नियम केला: दारातून आत आलेल्याच्या हातात पाच मिनिटांत पेन्सिल आली पाहिजे. पदं, नाव, घोषवाक्य, सगळं नंतर. खाली जे सांगतोय ते या एका नियमाच्या आधाराने उभं आहे.

परवानगी मागण्याआधी

आधी तीन जण शोधा. तिघंही उत्तम चित्रकार असायला नकोत, किंबहुना नसलेले बरे. एक जण असा हवा की जो वेळेवर येतो आणि वस्तू जागेवर ठेवतो. एक असा, ज्याची तुमच्यापेक्षा वेगळ्या वर्गात ओळख आहे. आणि एक खालच्या वर्गातला. हा तिसरा का हवा ते शेवटी कळेल.

मग एक शिक्षक. ते चित्रकलेचेच असले पाहिजेत असं मुळीच नाही. गणिताच्या किंवा भूगोलाच्या एखाद्या बाई, ज्यांना फळ्यावर आकृती नीट काढल्याशिवाय चैन पडत नाही, त्या कदाचित जास्त वेळ देतील. त्यांच्याकडे जाताना 'तुम्ही आमचा क्लब चालवाल का?' असं विचारू नका, कुठलाही शिक्षक दचकेल. त्यांचं काम किती ते आधीच सांगा: आठवड्यातून एक तास खोलीत असायचं, कटर वापरायच्या दिवशी लक्ष ठेवायचं, कागदपत्रांवर सही करायची. विषय ठरवणं, साहित्य मांडणं, साफसफाई हे आमच्याकडे.

मुख्याध्यापकांकडे जाताना एक पान लिहून न्या. एकच. त्यांच्या मनात कलेबद्दल प्रश्न नसतात, खोलीबद्दल असतात. कोण थांबणार, कुलूप कोण लावणार, रंग सांडला तर कोण पुसणार, परीक्षेच्या दिवसांत काय, घरी जायला उशीर झाला तर जबाबदारी कोणाची. ही उत्तरं त्यांनी विचारण्याआधी पानावर असली की निम्मं काम झालं. आणि कायमची परवानगी मागू नका, आठ आठवड्यांची मागा. आठ बैठकांनंतर एक छोटं प्रदर्शन लावू, ते बघून पुढचं ठरवा, असं म्हणा. 'हो' म्हणायला सोपं जातं, आणि तुम्हालाही डोळ्यांसमोर एक तारीख मिळते.

वार, वेळ, खोली

वार एकदा ठरला की तो हलवायचा नाही. एखाद्या वेळी चारच जण आले तरी चौघांनी बसायचं. 'या आठवड्यात जरा पुढे ढकलूया' हे वाक्य एकदा उच्चारलं की मुलांच्या मनात क्लब ऐच्छिक होतो.

तासाची विभागणी आमच्याकडे अशी स्थिरावली: दहा मिनिटं हात मोकळा करायला, पस्तीस मिनिटं मुख्य काम, दहा मिनिटं सगळ्यांची कामं एकत्र मांडून बघायला आणि शेवटची पाच आवरायला. रंगकाम असेल त्या दिवशी आवरायला पंधरा मिनिटं धरा. पाच मिनिटांत आवरून होईल असं वाटतं, होत नाही.

खोली निवडताना तीन गोष्टी बघा: सपाट टेबलं, जवळ पाणी, आणि ओली चित्रं रात्रभर ठेवायला जागा. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. मग वीस ओले कागद हातात धरून वीस मुलं दारात उभी राहतात. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर वस्तुचित्राचं टेबल तिथे मांडू नका. वीस मिनिटांत सावली सरकते आणि मुलं बिचारी खोडत बसतात.

पहिली बैठक

आत येणाऱ्या प्रत्येकाला दारातच एक ए-४ कागद आणि पेन्सिल द्या. ओळख करून देणं, भाषण, काही नाही. सगळे बसले की सांगा: डावा हात टेबलावर ठेवा, बोटं जरा वाकडीतिकडी. (डावखुऱ्यांनी उजवा.) आता हाताच्या कडेवरून नजर मुंगीच्या चालीने फिरवायची आणि तेवढ्याच संथपणे पेन्सिल चालवायची. कागदाकडे बघायचं नाही. पेन्सिल उचलायची नाही. तीन मिनिटं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात खुसखुस होते. मग खोली शांत होते, कारण अंगठ्याच्या मुळाशी त्वचेला किती घड्या असतात हे बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं असतं. वेळ संपल्यावर सगळे कागदाकडे बघतात आणि हसू फुटतं. करंगळी मनगटातून उगवलेली, तळवा फुगलेल्या हातमोज्यासारखा. शाळेतल्या सगळ्यात चांगल्या चित्रकाराचा हातही तसाच वेडावाकडा, आणि ज्याने पाचवीनंतर चित्र काढलं नाही त्याचाही. पण जरा निरखून बघा, एखाद्या नखाची कड, एखादी सुरकुती अशी पकडलेली असते की कागदाकडे बघून ती जमली नसती. ती दाखवा. पहिल्याच दिवशी 'मला चित्र येत नाही' या वाक्यातली हवा निघून जाते.

दुसरा खेळ घडीच्या कागदाचा. 1925 च्या सुमारास पॅरिसमधली अतिवास्तववादी मंडळी हा खेळ खेळत. कागदाला दोन आडव्या घड्या घालून तीन भाग करा. पहिल्याने डोकं काढायचं, मानेच्या रेघा घडीच्या जेमतेम खाली आणायच्या, कागद दुमडून पुढे द्यायचा. दुसऱ्याला फक्त त्या दोन रेघा दिसतात, त्यावरून तो धड काढतो. तिसरा पाय. उलगडल्यावर काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून वाईट निघालं तर दोषही कोणाचा नसतो. वेगवेगळ्या वर्गांतली मुलं एकमेकांशी बोलायला लागतात ती या उलगडण्याच्या क्षणी. नाव-गाव विचारण्याचे खेळ मी करून पाहिलेत, त्यांना ही सर नाही.

निघताना पुढच्या आठवड्याचा विषय सांगा आणि हजेरी घ्या. अध्यक्ष निवडू नका.

साहित्य: थोडं, पण नेमकं

पहिल्या तीन आठवड्यांना पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्र, कागद आणि मास्किंग टेप एवढं पुरतं. पेन्सिल एचबी एकटी नको. 2बी आणि 6बी हव्यातच. एचबीने कितीही दाबलं तरी खरा गडद येत नाही, आणि मुलांना वाटतं आपलं छायांकन फिकं आहे. दोष हाताचा नसतो.

कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, अशी मोजतात. सरावाच्या रेखाटनांना छपाईचा साधा 80 जीएसएम कागद चालतो. त्यावर जलरंग लावलात तर कागद पापडासारखा फुगेल. जलरंगाला किमान 200 हवा, 300 असेल तर उत्तम. आकाराचं म्हणाल तर ए-३ (297 × 420 मिमी) घेऊन ठेवा, मधोमध कापला की दोन ए-४ होतात. दोन आकार साठवायची गरज नाही.

रंगांच्या बाबतीत चोवीस रंगांच्या छोट्या पेट्यांच्या मोहात पडू नका. त्यातला पांढरा आणि पिवळा आधी संपतो आणि जांभळा वर्षानुवर्षं पडून राहतो. सात मोठ्या बाटल्या पुरतात: प्रत्येक मूळ रंगाच्या दोन छटा आणि भरपूर पांढरा. दोन छटा कशासाठी? लिंबासारखा पिवळा आणि हिरवट झाक असलेला निळा मिसळला तर लखलखीत पोपटी-हिरवा मिळतो. नारिंगीकडे झुकणारा पिवळा आणि अल्ट्रामरीन (जांभळट निळा) मिसळला तर शेवाळी, मळकट हिरवा येतो, कारण दोन्हींत लपलेली लाल झाक हिरव्याला मारते. एकही मिश्रण चूक नाही, पण हवं ते मिळवता आलं पाहिजे. हा अख्ख्या एका बैठकीचा विषय होतो आणि मुलांना जाम आवडतो.

अॅक्रिलिक आणि पोस्टर रंग यांतला फरक सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. पोस्टर रंग वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. अॅक्रिलिक वाळला की त्याचं प्लॅस्टिक होतं. ब्रशमध्ये वाळला तर ब्रश गेला, गणवेशावर वाळला तर घरी ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडे एका दुपारी अकरा ब्रश डब्यात केसांवर उभे राहिले, रंगासकट. सोमवारी ते छोट्या झाडूंसारखे वाकून कडक झाले होते. तेव्हापासून नियम: दोन डबे, पहिल्यात रंग सोडायचा, दुसऱ्यात धुवायचं, मग केसांना बोटांनी टोक देऊन आडवं ठेवायचं किंवा केस वर करून उभं.

धोक्याच्या वस्तू थोड्याच आहेत, पण त्यांच्याबाबत ढिलाई नको. कटर मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. लिनो (छापे काढण्यासाठी कोरायची लिनोलियमची लादी) कोरताना दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. कोळशाने काढलेल्या चित्रावरची भुकटी फुंकायची नाही, कागद बाहेर नेऊन झटकायचा. चित्र पक्कं करणारा स्प्रे मारायचा असेल तर शिक्षकांनी आणि मोकळ्या हवेत.

पैशांबाबत माझं मत ठाम आहे: सक्तीची वर्गणी नको. एखादं मूल वर्गणी नाही म्हणून येत नाही, आणि तसं ते कधीच सांगत नाही. 'आवड नाही' म्हणतं. वापरलेली खोकी, एका बाजूने कोरे कागद, जुनी मासिकं, उरलेली रंगीत पोस्टर मागून आणा. शाळेच्या कार्यालयातल्या रद्दीत महिन्याचा कागद असतो.

आठ आठवडे काय करायचं

'आज तुम्हाला हवं ते काढा' असं कधीही सांगू नका. निम्मी मुलं कोऱ्या कागदाकडे बघत बसतात आणि उरलेली डोंगर-सूर्य-घर काढतात. बंधन जितकं नेमकं, तितकी डोकी चालतात.

दुसऱ्या आठवड्यात छटा. एका पट्टीचे पाच चौकोन करा, पांढऱ्यापासून 6बीच्या पूर्ण काळ्यापर्यंत. मग एक पांढरी वस्तू, एकाच बाजूने दिवा, आणि रेघेशिवाय, फक्त त्या पाच छटांत चित्र. तिसऱ्यात टेबलावर खुर्ची उलटी ठेवा आणि खुर्ची सोडून तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढायला सांगा. खुर्ची आपोआप येते, आणि बरेचदा खुर्ची काढायला बसल्यापेक्षा बरोबर येते. कारण आपल्या डोक्यात खुर्चीचं एक तयार चित्र असतं, मोकळ्या जागेचं नसतं.

चौथ्यात रंगमिश्रण झालं की ते रंगवलेले कागद फेकू नका, पाचव्या आठवड्यात तेच कापून कोलाज करायचं. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला खिळला होता. साहाय्यकांनी रंगवलेले कागद तो कात्रीने कापायचा आणि आकार आधी भिंतीवर टाचण्यांनी लावून हलवत राहायचा. यातली कामाची गोष्ट म्हणजे ती टाचणी. मुलं आकार कापला की लगेच डिंक लावतात. त्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं डिंक कपाटात ठेवा.

सहाव्या आठवड्यासाठी माझी आवडती बैठक. अमेरिकन चित्रकार सॉल लेविट 1968 पासून भिंतीवरची अशी चित्रं करू लागला की ज्यांच्या सूचना तो लिहायचा आणि रेघा बरेचदा दुसरे ओढायचे. प्रत्येकाने पाच ओळींची सूचना लिहायची: 'कागदाच्या एका कडेपासून सुरू होऊन दुसऱ्या कडेला न पोचणाऱ्या दहा रेघा काढा', असं काहीतरी. चिठ्ठ्या एकत्र करून वाटायच्या. एकच सूचना तिघांना द्या आणि तीन चित्रं शेजारी ठेवा. ज्याने लिहिली तो तोंडात बोट घालतो. ज्याचा हात कच्चा आहे पण डोकं तल्लख, त्याचा हा दिवस असतो.

सातव्यात बाहेर पडा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने 1890-91 मध्ये गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली; उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपल्याला पंचवीस नकोत. शाळेचा एकच कोपरा, दहा-दहा मिनिटांची तीन रंगीत टिपणं, तपशील नको, फक्त मोठे आकार आणि रंग. आठवा आठवडा प्रदर्शनाच्या तयारीचा.

चित्राबद्दल बोलायचं कसं

ही दहा मिनिटं टाळायचा मोह होतो, कारण अवघडल्यासारखं होतं. सगळे 'छान, छान' म्हणतात आणि दप्तर उचलतात. आम्ही 'छान' आणि 'मस्त' या दोन शब्दांवर बंदी घातली. चित्रं भिंतीला टेपने लावायची आणि तीनच प्रश्न: काय दिसतंय? नजर आधी कुठे जाते? इथून पुढे काय करून बघता येईल? ज्याचं चित्र आहे त्याने पहिली दोन मिनिटं गप्प बसायचं.

सहावीतल्या एका मुलाने सायकल काढली होती. मागचं चाक पुढच्यापेक्षा बरंच लहान. कोणीतरी लगेच 'चाक चुकलंय' म्हणालं. मी विचारलं, नजर आधी कुठे जाते? एक मुलगी म्हणाली, 'पुढच्या चाकावर. ते माझ्या अंगावर येतंय असं वाटतं.' मुलगा न राहवून बोललाच, 'हो, मला तसंच पाहिजे होतं, पण मग मागचं अजून लहान करायला हवं का?' पुढच्या आठवड्यात तो स्वतःहून तीच सायकल पुन्हा काढून घेऊन आला.

आणखी एक नियम, त्याला अपवाद नाही: दुसऱ्याच्या चित्रावर हात चालवायचा नाही. शिक्षकांनीसुद्धा नाही. दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळ्या कागदावर दाखवा.

नेतृत्व, म्हणजे मुख्यतः कटकटी

प्रत्येक क्लबमध्ये एक 'स्टार' असतो, ज्याच्या भोवती पाच जण उभे राहून बघतात. बघणारे मग काढत नाहीत. त्याला लहानांच्या टेबलावर मदतीला बसवा. तो खूश होतो, गर्दीही पांगते.

कार्टून आणि ॲनिमेची पात्रं हुबेहूब उतरवणारी मुलं असतात. त्यांना नावं ठेवू नका, त्यांची रेघ बरेचदा सगळ्यांत स्वच्छ असते. फक्त म्हणा, हेच पात्र पाठमोरं काढ. किंवा खाली वाकून बुटाची नाडी बांधताना. छापील नमुना तिथे संपतो आणि निरीक्षण सुरू होतं. उतरवलेलं, गिरवलेलं किंवा संगणकाकडून बनवून घेतलेलं चित्र आपलं म्हणून लावायचं नाही; कशावरून केलं ते खाली लिहायचं.

आता माझी जुनी तक्रार. चित्रकला क्लब आहे असं कळलं की शाळेला वाटतं सजावट विभाग मिळाला. संमेलन आलं, फलक रंगवा. पाहुणे आले, रांगोळी काढा. उद्या सकाळी हवंय. एका सत्रात आमच्या पाच बैठका अक्षरं रंगवण्यात गेल्या आणि मुलं गळाली, त्यांचं काय चुकलं? शिक्षकांमार्फत आधीच ठरवून घ्या: सत्रात असं एकच काम, तेही तीन आठवडे आधी सांगितलं तर. नाही म्हणणं विद्यार्थ्याला जड जातं, म्हणून हा नियम परवानगीच्या त्या पानावरच लिहून टाका.

कामं वाटा, पण पदांच्या नावाने नको. कपाटाची किल्ली एकाकडे, हजेरी दुसऱ्याकडे, पुढचा विषय तिसऱ्याकडे, आणि महिन्याने अदलाबदल.

प्रदर्शन

प्रत्येकाचं एक चित्र, आणि ते ज्याचं त्याने निवडलेलं. 'उत्तम दहा' निवडलीत तर अकराव्यापासूनचे पुढच्या सत्राला येणार नाहीत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवा, मोठ्यांच्या नजरेला ती उंची बरी पडते. बघणारी मुलं लहान असतील तर खाली आणा. वरच्या कडा एका ओळीत आणण्यापेक्षा मध्य एका ओळीत आणले की वेगवेगळ्या आकारांची चित्रंही शिस्तीत दिसतात. पट्टीवर नाव, इयत्ता, माध्यम. टेप आधी भिंतीच्या कोपऱ्यात लावून ओढून बघा, रंगाचे पोपडे आले तर दोरी आणि चिमटे वापरा. फोटो इंटरनेटवर टाकायचे असतील तर पालकांची आणि मुलांची परवानगी आधी घ्या; चित्र टाकावं, चेहरे आणि पूर्ण नावं नकोत.

एका कोपऱ्यात टेबल, कागद आणि पेन्सिली ठेवा आणि घडीच्या कागदाचा खेळ पाहुण्यांसाठी मांडा. पुढच्या सत्राचे सदस्य तिथेच मिळतात. मुख्याध्यापकांना पाय काढायला लावा.

भित्तिचित्राची कल्पना याच सुमारास कोणीतरी काढेल. पहिल्या वर्षी नको. भिंत खरवडणं, प्रायमर, शिडी, यातच सत्र जातं आणि कंटाळून अर्धवट सोडलेलं चित्र वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर राहतं.

सोपवताना

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, विषय, किती जण आले, काय संपलं, काय फसलं. 'तिसरा आठवडा: 6बी पुरल्या नाहीत. खुर्ची फार उंच ठेवली, मागच्यांना फक्त पाय दिसले.' इतकंच. पुढच्या माणसाला तुमच्या अनुभवकथनापेक्षा ही ओळ उपयोगी पडते.

शेवटचं सत्र अर्धं झालं की सुरुवातीला घेतलेल्या त्या खालच्या वर्गातल्या सदस्याला दोन बैठका पूर्ण चालवायला द्या: विषय त्याचा, मांडामांड त्याची, घड्याळही त्याच्याकडे. तुम्ही मागच्या बाकावर बसा, दारात मिळालेला कागद घ्या आणि तो सांगेल ते काढा. ब्रश चुकीच्या डब्यात उभे दिसले तरी जागचे उठू नका.